फलाटताई दोनदा वाचते

आमच्या फलाटताईसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि मी सहजासहजी कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नाही, हे ऑफिसात कुणालाही विचारा. तिनं उभं आयुष्य बसस्टँडवर गाड्या पुकारल्या. मग तिथे यंत्राचा आवाज आला आणि हिची बदली झाली आमच्या शिवीगाळ तक्रार कक्षात. मी तिथली टायपिस्ट, त्यामुळे प्रत्येक सुनावणीला असतेच.

झालं होतं असं, की सरकारनं नवा कायदा आणला. सोशल मीडियावर टोपणनावानं कुणाला घाण बोललात, तर कंपनीनं तुमचं खरं नाव कळवायचं आणि तुमचा मजकूर सुनावणीत तुमच्या तोंडावर जसाच्या तसा मोठ्यानं वाचायचा. कायदा करणाऱ्यांचं काय जातंय! वाचणार कोण? आमचे साहेब पहिल्या ओळीलाच खोकायचे, पाणी प्यायचे आणि ‘वगैरे वगैरे’ म्हणून मोकळे व्हायचे. लिहिणारे महाभाग गालातल्या गालात हसत घरी जायचे.

फलाटताईनं पहिल्याच दिवशी समोरची शिवी अशी काही वाचली, की साहेबांचा चष्मा घसरला. ना राग, ना लाज. गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगावं तशी खणखणीत. आणि वाचून झाल्यावर म्हणते, ‘‘पुन्हा एकदा ऐका!’’ की सगळं परत पहिल्यापासून. स्टँडवर प्रत्येक घोषणा दोनदा करायची असते ना!

‘‘अहो ताई, एकदा पुरे,’’ साहेब वैतागले.

‘‘पहिल्यांदा कुणी ऐकत नाही साहेब, नुसता आवाज कानावर पडतो.’’

सवय काही सुटली नाही.

त्या दिवशीची तक्रार गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका मुलीची होती. तिच्या फोटोंखाली कुणीतरी कित्येक महिने गरळ ओकत होतं. ते वाचून शिकायला येणाऱ्या बायका गळायला लागल्या, आणि शेवटी पोरीनं गाडी विकायला काढली. खातं निघालं एका निवृत्त गृहस्थाचं. कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको. म्हणाला, ‘‘फोन माझा, पण लिहिलं मी नाही. घरात सतरा माणसं येतात-जातात.’’

आली का पंचाईत! लिहिणारा हाच, हे ठरल्याशिवाय साहेबांना तक्रार बंद करावी लागणार होती. पोरगी हातातला रुमाल पिळत बसली होती. मला तर त्या शर्टावर शाई ओतावीशी वाटत होती.

फलाटताई उभी राहिली आणि वाचू लागली. त्यात एक वाक्य होतं, ‘तुला दारात उभी केली तर कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करेल.’ गृहस्थ छताकडे बघत होता. त्याची बायको पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

‘‘पुन्हा एकदा ऐका.’’

या खेपेला त्या वाक्याशी चेनचा आवाज थांबला. बायकोनं मान वर केली.

‘‘हे यांचंच आहे,’’ ती म्हणाली.

‘‘गप्प बस!’’ नवरा ओरडला.

‘‘लग्न झाल्यापासून ऐकतेय, साहेब. भाजीत मीठ कमी पडलं की हेच वाक्य. दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही.’’

अहो, त्याच माणसाबरोबर परत घरी जायचं होतं तिला! तरी बोलली. गृहस्थाच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘चुकून लिहिलं गेलं असेल,’’ असं पुटपुटला आणि तिथेच सापडला. साहेबांनी निकाल सांगितला, मी टाइप केला. दंड, आणि खातं बंद. सही ठोकून तो तरातरा निघून गेला. पोरगी हमसून हमसून रडायला लागली, पण ते रडणं सुटकेचं होतं.

बायको मात्र जागची हलली नाही.

‘‘मलाही तक्रार द्यायचीय,’’ ती म्हणाली.

साहेब गडबडले. ‘‘बाई, आमचा कायदा नाव लपवून बोलणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला तर बोलणारा माहीत आहे.’’

‘‘हो. तो समोर उभा राहून, माझं नाव घेऊन बोलतो. मग मी कुठे जायचं?’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून चाळायला घेतलं.

फलाटताईनं खुर्ची ओढली आणि त्या बाईच्या समोर जाऊन बसली.

‘‘सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘मी ऐकतेय.’’

आणि मग ऑफिस बंद होईपर्यंत आमची फलाटताई एक शब्दही बोलली नाही.