कोट अडकवायचा खांब

मी खांबापुढे बसले आणि सगळे हसले.

घर अमेरिकेतल्या कॅरी गावातलं. माझ्या मुलाच्या साहेबांचं. दिवाळी होऊन गेली होती, पण इथे दिवाळी शनिवार बघून करतात. दारात चपला काढल्या, आत गेले, तर डाव्या हाताला खांब उभा. सागवानी. वर सूर्य आणि चंद्र. मध्ये घोड्यावर बसलेला माणूस. त्याच्या खाली हात धरून नाचणाऱ्या बायका. आणि त्या सगळ्यांवर कोणाकोणाचे कोट टांगलेले. एक लाल पर्स. लहान पोराची टोपी.

आमच्यात अशा खांबासमोरून गप्प जात नाहीत. माझ्या बापानं शिकवलं होतं. खाली बसायचं, जमिनीला हात लावायचा, आपण कोणाची, कुठल्या गावची ते सांगायचं. मेलेल्या माणसाला कळलं पाहिजे कोण आलंय. मी विचार केला नाही. बसले. हात लावला. आमच्या भाषेत, कोरकूत, माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं.

मागे कोणीतरी म्हणालं, "यांचं काही पडलं का?"

साहेबांच्या बायको, सगळे त्यांना काकू म्हणतात, पुढे आल्या. मी त्यांच्यापेक्षा फार मोठी नाही, पण त्या मला मावशी म्हणतात. मला उठवायला हात देत म्हणाल्या, "अहो मावशी, तो कोट अडकवायचा आहे. देव आत आहेत, किचनच्या बाजूला."

तेव्हा हसले. वाईट मनानं नाही हसले. लहान मूल आरशाला हात लावतं तेव्हा हसतात तसं. माझा मुलगाही हसला. सगळ्यांत मोठ्यानं.

"आई गावाकडची आहे," तो म्हणाला. "दगड, लाकूड, जे दिसेल त्याच्या पाया पडते."

"पण ही लँग्वेज कुठली, अविनाश? मराठी नाही वाटली."

"काही नाही. गावठी बोलते थोडं."

घरी तो मला माय म्हणतो. तिथे आई म्हणाला. ज्या भाषेला गावठी म्हणाला त्याच भाषेत मी त्याला झोपवलं होतं. मी भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. प्लेट दिली ती खाल्ली. चकली इथली होती, मऊ पडलेली. मी वर बघितलं नाही.

मी लाजरी आहे. चार लोकांत मला बोलता येत नाही. चौथीपर्यंत आश्रमशाळेत होते. तिथे कोरकू बोललं की गुरुजी बाकावर उभं करायचे आणि वर्गाला सांगायचे, बघा, ही जंगलातून आली. वर्ग हसायचा. वर्गात सगळे जंगलातूनच आलेले. तरी हसायचे. तेव्हा मराठी शिकले, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. माझी भाषा लिहायला मला कोणी शिकवलंच नाही.

खांबाचं सांगते. आमच्यात माणूस मेला की लगेच सुटत नाही. तो घराच्या आसपास फिरत राहतो. मग घरचे सवड काढून, धान्य साठवून सिडोली करतात. भूमका येतो, तो आमचा पुजारी. झाडाला विचारून लाकूड आणतात. त्यावर सूर्य-चंद्र कोरतात. बायका रात्रभर गाणं म्हणतात. खांब गावाबाहेर झाडाखाली उभा करतात, तेव्हा मेलेला माणूस आपल्या वाडवडलांत जाऊन बसतो. मग त्याची काळजी संपते. आपली पण.

माझा नवरा अजून बसलेला नाही.

तो गेला तेव्हा अविनाश इकडे होता, व्हिसाचं काहीतरी अडकलं होतं, येता आलं नाही. सिडोलीला मुलगा लागतो. पुढच्या वर्षी म्हणाला. मग लग्न झालं, मग मुलगी झाली, मग नोकरी बदलली. मुलगी सांभाळायला मला बोलावून घेतलं. नवरा तिकडे एकटा फिरतोय. घराला कुलूप आहे. तो कोणाच्या आसपास फिरत असेल, हा विचार मी भांडी लावताना करते, नातीची वेणी घालताना करते.

त्या दिवशी निघायच्या आधी काकूंनी मला किचनमध्ये गाठलं.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही मेळघाटातल्या ना? कोरकू?"

मी मान हलवली. खोटं बोलायला पण धीटपणा लागतो.

त्यांनी मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बघा, मला शंका आलीच होती. तो खांब मी मुंबईच्या डीलरकडून घेतला, तेव्हापासून मी कोरकूंबद्दल वाचतेय. आणि हा अविनाश एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला अमरावतीचे."

मग मला हाताला धरून परत खांबाजवळ नेलं. कोट बाजूला केले. शेजारी दुसरा एक लाकडी माणूस होता, तो मी आधी बघितला नव्हता, कोटांमागे होता. काळपट, जड लाकूड. चपटा चेहरा, गोल डोळे. तोही घोड्यावर.

"हा कलाश लोकांचा," काकू म्हणाल्या. "पाकिस्तानच्या डोंगरात राहतात. आजूबाजूच्या सगळ्यांनी धर्म बदलला, यांनी नाही. स्वतःचे देव, स्वतःची भाषा. अगदी थोडे उरलेत. माणूस गेला की असा पुतळा करतात त्याचा. तुमच्यासारखंच ना? लिलावात मिळाला. नाहीतर तिथे बर्फात, पावसात सडून गेला असता. तुमचा पण वाळवीनं खाल्ला असता. तिकडे कोणाला किंमत आहे?"

मी हळू म्हणाले, "वाळवीनं खायचाच असतो तो."

"म्हणजे?"

"माणूस तिकडे जाऊन बसला की लाकूड मातीचं होतं. ठेवायचं नसतं."

काकू क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं कळलं. मग म्हणाल्या, "किती सुंदर. मावशी, हे असंच सांगाल का सगळ्यांसमोर? माझे काही फ्रेंड्स येतात, एकमेकांची कलेक्शन्स बघतो आम्ही. तुम्ही तुमचं लुगडं नेसून या. दोन ओळी त्या गाण्याच्या म्हणा."

मी खाली बघितलं. दोन्ही माणसांचे पाय करवतीनं कापलेले होते. जमिनीत असतो तेवढा भाग तिथेच राहिला होता.

घरी आल्यावर अविनाश पहिल्यांदा चिडला, की मी कबूल का केलं. मग काकूंचा मेसेज आला. मग त्याचा आवाज बदलला.

"एकदा कर, माय. दुपारचा एक तास. काका खूश राहिले पाहिजेत. ग्रीन कार्डचं सगळं त्यांच्या हातात आहे यार, तुला माहितीये."

"ते गाणं मेलेल्याचं आहे."

"त्यांना कुठे कळतंय?"

मी नातीचं अंथरूण घातलं. मग विचारलं, "मी उभी राहिले तर बाबाचं करशील?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फोनकडे बघत म्हणाला, "उन्हाळ्यात जाऊ. सगळं करू. प्रॉमिस."

मी हो म्हटलं. नवऱ्यासाठी म्हटलं. एक तास लाज वाटेल, आणि तो माणूस सुटेल.

रविवारी दुपारी गेलो. सुनेची ड्युटी होती, नात आमच्याबरोबर. खांबावर आज कोट नव्हते. दोघांवर वरून पिवळे दिवे सोडले होते. लोक यायचे होते तोवर मी तिथे एकटी होते. मी आमच्या माणसाला परत नाव सांगितलं. मग त्या दुसऱ्याला पण सांगितलं. त्याला कोरकू कळणार नाही. पण या घरात त्याला दुसरं तरी काय कळत असेल. त्याच्या घरच्यांना माहीत असेल का तो कुठे आहे, असं मनात आलं. एखादी म्हातारी सकाळी तिकडे गेली असेल आणि जमिनीत नुसते पाय दिसले असतील.

लोक आले. गोरे होते, आपले होते. हातात ग्लास. काकूंनी मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला, कलाश बायकांचा. काळे झगे, डोक्याला मण्यांच्या, कवड्यांच्या पट्ट्या. एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या. आम्ही पण तसंच नाचतो, खांबावर कोरलंय तसं. मला बरं वाटलं. मग कॅमेरा फिरला. त्यांच्याभोवती गोल करून माणसं उभी होती, सगळ्यांचे फोन वर. एका मुलीनं तोंडावर हात घेतला. फोन आणखी जवळ गेला. तिनं पाठ केली. फोन फिरून पुढे आला. ती नाचतच राहिली, कारण रांग सोडली तर नाच मोडतो.

काकू इंग्रजीत बोलल्या. माझ्याकडे हात केला. मग मला म्हणाल्या, "या मावशी, दोघांच्या मध्ये उभ्या राहा. हं, थोडं डावीकडे. आता गाणं."

मी उभी राहिले. समोर फोन वर गेले. अविनाशनं पण धरला होता.

पहिला शब्द तोंडात आला. ते गाणं मेलेल्याचं नाव घेऊन सुरू होतं. नाव घ्यायला गेले तर कोणाचं घेऊ? हा घोड्यावरचा माणूस कोण, मला माहीत नाही. मला येत होतं एकच नाव. माझ्या नवऱ्याचं. त्याच्यासाठी मी हे गाणं अजून म्हटलेलं नाही. ते इथे म्हणू? या ग्लासांपुढे? मग तिकडे गेल्यावर कुठल्या तोंडानं म्हणू?

मी म्हणाले, "मी नाही म्हणणार."

काकू हसून म्हणाल्या, "लाजू नका, आपलीच माणसं आहेत."

"लाजत नाही. हा मेलेला माणूस आहे. हा पण. यांचं गाणं यांच्या घरचे म्हणतील. मी यांच्या घरची नाही. तुम्ही पण नाही. यांचे पाय कापून आणलेत. मी इथे गाणार नाही."

जन्मात मी एवढ्या लोकांत एवढं बोलले नव्हते. सगळं बोलले.

काकूंनी सगळं इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं मला माहीत नाही. त्या छातीवर हात ठेवून बोलत होत्या. एका गोऱ्या बाईनं डोळे पुसले. मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

मी नाही म्हटलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अमेझिंग," एक मुंबईचे काका माझ्याजवळ येऊन म्हणाले. "काय बोललात मावशी. अगदी आतून. एक फोटो काढू का, तुमचा आणि खांबाचा?"

मी पदर तोंडावर घेतला. त्यांनी तसाच फोटो काढला.

गुरुजींनी बाकावर उभं केलं तेव्हा मला वाटायचं, एक दिवस तोंड उघडीन, मग बघा. तोंड उघडलं. त्या दिवशी कळलं की यांना आमचं गप्प बसणं पण चालतं आणि ओरडणं पण चालतं. दोन्ही भिंतीला लावता येतं. आम्ही थोडे उरलो की किंमत वाढते, एवढंच.

गाडी अविनाश चालवत होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "नशीब, त्यांना आवडलं. मी तर मेलोच होतो."

मागच्या सीटवरून नातीनं विचारलं, "आजी, आर वुई दोज पीपल?"

मी तोंड उघडायच्या आत अविनाश म्हणाला, "नो. आजीच्या गावाला असतात ते."

"बट आजी इज..."

"आय सेड नो."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर उंच पाइनची झाडं एका ओळीत पळत होती.

मी विचारलं, "उन्हाळ्यात जायचं ना?"

"आत्ता तो विषय काढू नकोस, माय. तू कुठे गायलीस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? मला ते करायचंच नाहीये. बाबा गेले. संपलं. लाकूड उभं करून काय होतं? उद्या कोणीतरी कापून नेईल आणि असल्याच कोणाच्या तरी घरात कोट टांगतील त्याला."

त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. ते मी त्याच्याकडून घेतलं.

मी परत जाणार आहे. तिकीट काढून दे म्हटलंय. सून म्हणते मुलीचं कसं होणार. अविनाश म्हणतो तिकडे कोण आहे तुझं. आहे एक. फिरतोय.

सिडोली मी करीन. बाईनं एकटीनं करायची नसते, मुलगा जिवंत असताना तर नाहीच. भूमका आधी नाही म्हणेल. गाव बोलेल. बोलू दे. गाणं म्हणणाऱ्या बायका आता दोन-तीनच उरल्यात, त्या आल्या नाहीत तर मी एकटी म्हणीन, आणि तिथे कोणाचा फोन वर गेला तर गाणं तिथेच थांबेल.

खांबावर काही कोरू देणार नाही. सूर्य नाही, चंद्र नाही. घोडा नाही. माझ्या नवऱ्याला घोडा हवा होता, जिवंतपणी मिळाला नाही, निदान खांबावर बसीन म्हणायचा. तोही मिळणार नाही. सालीसकट वाकडं लाकूड लावीन, कुणाला घरात ठेवावंसं वाटणार नाही असं. वाडवडलांनी त्याला ओळखलं तर ओळखलं.

आणि माझा खांब करायचा नाही. करणारं कोणी नाही हे मला माहीत आहे, पण उद्या नातीला पुस्तकात वाचून वाटलं, तरी करायचा नाही. मी मेल्यावर फिरत राहीन. कोणाच्या घरात उभी राहणार नाही.