मोरीत ओतलेलं लिंबाचं पाणी

आजी आठवते का रे नातवंडांनो, की नवा फोन आला तशी तीही पुसली गेली? मी बोलतेय, नात पिंकी टाइप करतेय.

आज पिंकीची कॉलेजात परीक्षा होती. अँटीऑक्सिडंट पेशींना कसं वाचवतं, ते सरांना करून दाखवायचं. काय न्यावं सुचेना, पोरगी रडकुंडीला आलेली.

त्यात मी बहादरपूरची कच्ची केळी भाजीसाठी चिरून लिंबाच्या पाण्यात ठेवलेली. पिंकी बाईसाहेबांनी ते पाणी खराब समजून मोरीत ओतलं! थोड्या वेळात सगळ्या फोडी काळ्या.

मी ओरडले, "अगं, लिंबानेच तर त्या पांढऱ्या राहिल्या होत्या!"

"आजी, हाच माझा प्रयोग!" म्हणत ती काळ्या फोडी आणि नव्याने चिरून लिंबाच्या पाण्यात टाकलेल्या ताज्या फोडी घेऊन पळाली.

पास झाली हो! म्हणे, ऑक्सिजन अंगावर धावून येतो, तेव्हा लिंबातलं सत्त्व तो मार स्वतः खातं अन् फोड वाचते. आपल्या पेशींनाही लिंबा-आवळ्यातलं अँटीऑक्सिडंट असंच वाचवतं.

म्हणजे मीच की! तुमच्या आजोबांचा राग मी झेलला, म्हणून तुम्ही एवढे टवटवीत. तुमच्या घरी कोण झेलतं? खरं सांगा.

आता माझ्यासाठीही कोणीतरी झेलायला हवं. पेढे नकोत, टोपलीभर आवळे पाठवा.