रस्त्यावरचा कोलम आणि एक अनिर्णित अर्ज

अर्जदार त्र्यंबकराव, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय अर्जलेखन, वास्तव्य तंजावूर शहर. प्रतिपक्ष अर्जदाराचीच बुद्धी. घटनेचा काळ गेल्या मार्गळी महिन्यातील, म्हणजे देवाच्या धनुर्मासातील, एक पहाट. स्थळ अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे अंगण. साक्षीदार: सदर बहीण जानकीअक्का, तिची कन्या सुगुणा, तांदळाच्या पिठाची एक वाटी आणि भोपळ्याचे एक पिवळे फूल, जे आता हयात नाही. तक्रार अशी की, त्या पहाटे एक नवा विचार जन्मास आला, आणि तो कोणाच्या नावे नोंदवावा याचा निवाडा अद्याप झालेला नाही.

कचेरीसमोरच्या करंजाच्या सावलीत माझे टेबल आहे. वैशाखात त्या झाडाखाली तापलेल्या धुळीचा आणि शाईचा एक संमिश्र, कोरडा गंध असतो. इकडे कार्तिकात पडणाऱ्या पावसात तोच गंध ओलसर होऊन लोकांच्या दुःखांसारखा कागदांना चिकटतो. शाळा मध्येच सुटली, तरी वडिलांनी घरी देवनागरी घटवून घेतली आणि तमिळ मी कचेरीच्या पायऱ्यांवर कमावली. माझ्या अर्जांतील विशेषणे कारकून एकमेकांना वाचून दाखवतात, असे कानावर येते. कौतुकानेच दाखवीत असावेत. प्रतिभा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले असते, तर मी निःशंकपणे सांगितले असते की जुन्याच याचनेला नवे वस्त्र नेसवणे म्हणजे प्रतिभा.

अक्काचे गाव कावेरीच्या एका कालव्यालगत, भाताच्या हिरव्या विस्तारात बुडालेले आहे. मेव्हणे कोइमतूरच्या गिरणीत, घरी मायलेकी दोघीच. सुगुणा तंजावूरच्या कॉलेजात शिकते. परतताना उजेड असतो, सोबतही असते. प्रश्न पहाटेच्या बसचा. ती बस गावच्या तोंडावरून जाते, पण थांबते पुढे, कालव्याच्या पुलापलीकडे. मार्गळीत तिथवर जायचे म्हणजे दाट धुक्यातून, काळोखातून, निसरड्या बांधावरून एकटीने चालायचे. त्या हिवाळ्यात पोर एकदा घसरून पाण्याच्या काठापर्यंत गेली, आणि अक्काने ठरवून टाकले की पोंगलचा तै महिना लागला की कॉलेज बंद.

गावाजवळ थांबा मिळावा म्हणून मी अर्ज केले. पहिल्यात अधिकाऱ्यांना ‘कृपाळू’ म्हटले, दुसऱ्यात ‘करुणासागर’, तिसऱ्यात त्या सागरावर चंद्र उगवला. प्रत्येक वेळी उत्तर आले की विषय विचाराधीन आहे.

तिसऱ्या उत्तरानंतर मी अक्काकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा जेवताना सुगुणा म्हणाली, “मामा, सागर भरत चालला, पण बस काही पोहत येत नाही.”

“भाषा कळायला वय लागतं,” मी म्हणालो.

“ड्रायव्हरला कळते का तुमची भाषा? त्याला कोणी वाचून दाखवलाय का अर्ज?”

अक्काने माझ्या पानात आंबटभाजी वाढली आणि म्हणाली, “खा मुकाट्यानं. हिला कॉलेजनं एवढंच शिकवलंय.” पण वाढलेल्या पानातच तिने पुन्हा भाजी वाढली; मुलीचे शिक्षण तोडण्याचा निर्णय आईच्या हातालाही पेलत नाही, हे मला त्या वाढण्यात दिसले.

दुसऱ्या पहाटे दूरच्या देवळातून भक्तिगीतांचे सूर धुक्यात भिजून येत होते. ओल्या शेणसड्याचा वास अंगणभर पसरला होता. अक्का वाकून कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालीत होती. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती वळणारी एकच अखंड रेषा, जी कुठल्याही ठिपक्याला शिवत नाही आणि तरी कुठल्याही ठिपक्याला बाहेर ठेवीत नाही. मध्यभागी शेणाच्या गोळ्यात खोचलेले भोपळ्याचे फूल त्या करड्या प्रकाशात दिव्यासारखे तेवत होते. मी चौथ्या अर्जाच्या आरंभीचे संबोधन मनात घोळवीत, तंद्रीत, पायरी उतरलो.

“त्र्यंबका, पाय!”

माझा पाय हवेतच थांबला. पिठाची ती रेषा फुंकरीने उडावी इतकी हलकी होती; तिच्यात ना कुंपणाचे बळ होते ना कायद्याचे. तरी माझ्यासारखा, कोणासाठीही वाट न सोडणारा गृहस्थ एका पायावर, बगळ्यासारखा, निश्चल उभा राहिला. आणि त्या तोल सावरण्याच्या क्षणी, कसे ते मला आजही सांगता येत नाही, माझ्या तोंडून शब्द निघाले, “हिच्यावरून तर कोणीच जाणार नाही.”

“बससुद्धा?” सुगुणा दारातून म्हणाली. ती हसत होती. मग हसायची थांबली.

अक्काने आमच्याकडे पाहिले, पिठाची वाटी उचलली आणि रस्त्याची वाट धरली.

गावच्या तोंडाशी, जिथून बस दुरूनच दिसते, तिथे डांबराच्या कडेपासून आतपर्यंत तिने कोलम काढला आणि अंगणातले फूल आणून मध्ये ठेवले. मी कंदील हलवीत पुढे उभा राहिलो, सुगुणा कडेला. धुक्यातून दोन पिवळे दिवे आले, मंदावले आणि फुलाच्या अलीकडे थबकले.

कंडक्टर उतरला. “काय हे अम्मा? रस्ता म्हणजे तुमचं अंगण वाटलं काय?”

“अंगण नाही बाबा,” अक्का तमिळमध्ये शांतपणे म्हणाली. “पण मार्गळी आहे. तुडवायचा असेल तर तुडवा.”

ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, कोलमाकडे पाहिले, कपाळाला हात लावून नमस्कार केला की डोके धरले, ते कळले नाही. “चढ गं पोरी, लवकर! आणि अय्या, तो कंदील माझ्या डोळ्यांतून काढा!” मग त्याने बस मागे घेतली आणि फुलाला वळसा घालून पुढे नेली. चाकाची ती वळणदार खूण ओल्या रस्त्यावर मागे राहिली, जणू कोलमाची रेषाच लांबत शहरापर्यंत गेली होती.

महिनाभर तसेच चालले. मी टेबलाशी बसून विचार करीत राहिलो. माझे अर्ज ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ चालत गेले होते: अर्जदार, कारण, विनंती, सही. त्यांना वळण ठाऊकच नव्हते. मी शब्द बदलीत होतो, मागण्याचे दार मात्र तेच ठेवीत होतो. ब्रेकवर ज्याचा पाय असतो, त्याच्याशी मी कधी बोललोच नव्हतो. नवा विचार बहुधा अधिक शब्दांतून येत नसावा. चालत्या पायाला कोणी ओरडून थांबवले, की त्या अधांतरी क्षणात तो शिरत असावा.

मार्गळी सरला, पोंगलची सुट्टी सरली. कॉलेज उघडले त्या पहाटे अवेळी पाऊस पडत होता. पीठ टिकणार नव्हते. रस्ता काळा, कोरा, चकाकणारा. अक्का मुलीचा हात घट्ट धरून उभी होती, आणि तो हात ती बससाठी सोडणार की घरी ओढून नेणार, हे तिलाही ठाऊक नव्हते. बस आली, आणि जिथे महिनाभर फूल असे, त्याच्या अलीकडे थांबली.

कंडक्टर दारातून वाकला. “काय अम्मा, आज कोलम नाही?”

अक्काने हात सोडला.

सबब सविनय विनंती की, हा विचार माझ्या उचललेल्या पायाचा, अक्काच्या ओरडण्याचा, सुगुणाच्या थट्टेचा की तिच्या आईच्या चिमटीतून झरणाऱ्या पिठाचा, याचा निर्णय व्हावा. अर्जावर एकाच अर्जदाराच्या सहीची जागा असते. ती मी अद्याप कोरी ठेवली आहे. ज्यास हे ठाऊक असेल, त्याने कृपा करून उत्तर द्यावे. मी करंजाखाली असतोच; न दिसल्यास पहाटे गावच्या तोंडाशी पाहावे.