खर्जातले दोन साडू

शिंपीमास्तर आणि टपालखात्यातले त्यांचे साडू आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक कोट. साडूंच्या मुलीच्या लग्नासाठी मास्तरांनी तो शिवला, आणि भर लग्नात, पाहुण्यांसमोर साडू म्हणाले, "डावी बाही आखूड झालीय." मास्तर म्हणाले, "बाही बरोबर आहे, हात लांब आहे." तेव्हापासून अबोला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या रोज फोनवर तासभर बोलून नवऱ्यांची कसर भरून काढत.

पंचाईत अशी, की चर्चच्या गायकवृंदात खर्जातले आवाज दोनच, आणि ते या दोघांचे. वह्या कमी, म्हणून दोघांत एक वही. डावी कड मास्तरांनी धरायची, उजवी साडूंनी. पान उलटायची वेळ आली की साडू खाकरत, मास्तर मान डोलावत. गाणं बसवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. असले प्रकार त्यांनी पहिलीच्या वर्गात भरपूर पाहिले होते.

मास्तर दर नाताळाला बायकोला ऐकवत, "मी बोलेन की. पण आधी त्यांनी यावं. चूक त्यांची आहे." तिकडे साडूही आपल्या बायकोला शब्दन् शब्द हेच ऐकवत. बहिणींना फोनमुळे दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या.

त्या वर्षी बाईंनी नाताळासाठी स्वतः एक नवं गाणं रचलं. घरोघरी गायला निघायच्या संध्याकाळी मास्तर दुकानातल्या खुर्चीवर टेकले, ते नेमके स्वतःच्या चष्म्यावर. पहिल्याच घरी, समोर डझनभर माणसं ऐकायला बसलेली, आणि वही उघडली तर मास्तरांना अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसल्या.

मास्तर गप्प. साडूंचा एकट्याचा आवाज रिकाम्या पिंपासारखा घुमायला लागला. पहिलं कडवं त्यांनी कसंबसं रेटलं. मग धीर सुटला आणि पुढची ओळ यायच्या आत ते मास्तरांच्या कानाशी कुजबुजले, "गोठ्यात उतरला राजा." मास्तरांनी ओळ झेलली आणि गायली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. गाडी रुळावर आली.

"इथं श्वास घ्या," साडू कुजबुजले.

मास्तरांनी तेही गायलं, खणखणीत आणि अगदी सुरात. समोरच्या एका आजींनी मुकाट्यानं श्वास घेतला.

"हे गाण्यात नाही," साडू घाबरून म्हणाले.

मास्तरांनी तेही गायलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

शेवटचं कडवं आलं. साडू आता जपून कुजबुजत होते. "आपण गेलो नाही त्याच्याकडे." मास्तर गायले. "आधी तोच आला."

इथं मास्तर गायचेच थांबले. तालमीत ही ओळ त्यांनी वहीत बघून वीसदा गायली होती, पण तेव्हा सगळं लक्ष सुरावर. आज ती कुणीतरी त्यांना एकट्याला, कानात सांगितली होती. देवापासून दुरावली ती माणसं, चूक तर सरळसरळ त्यांची होती, तरी देव निघाला आणि गोठ्यापर्यंत आला. आधी माणसांनी यावं म्हणून तोही हटून बसला असता, तर आज गायला गाणंच नसतं. मास्तरांनी डोळे पुसले. लोकांना वाटलं, चष्मा नसल्यानं ताण पडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साडूंच्या दारात जाऊन उभे राहिले. बेल दाबायच्या आत दार उघडलं. साडू बूट घालून बाहेर पडायच्या तयारीत होते.

"कुठं निघालात?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडेच."

"पण मी आधी आलो."

"तसं बघितलं तर काल कानात आधी मी बोललो."

यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. तो वाद तालमीतही चालतो, आणि बाईंना मधूनमधून टेबलावर पट्टी आपटून त्यांना गप्प करावं लागतं.