जितूचा कॅमेरा आणि पुसलेली आत्या

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

कोरीटला चुलतभावाच्या मुलीची हळद होती. बारा वर्षं मी लग्नं शूट करतोय, पण घरच्याच लग्नाचं काम गेलं जितूला. माझ्याच हाताखाली शिकलेला! का, तर त्याच्या नव्या कॅमेऱ्यात सिनेमासारखा व्हिडिओ येतो.

जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉपवर दाखवलं. नवरीच्या गालावरची हळद चमकत होती आणि मागचं सगळं मऊ, धूसर. माझी बायकोसुद्धा टक लावून बघत बसली.

तेवढ्यात, हळद लागताना नवरीच्या मागे उभी राहून गाणी म्हणत होती ती आमची आत्या ओरडली, "मी कोठे शे रे? मन्हं तोंड पुसाई गयं का?"

मला गुदगुल्या झाल्या. "माझ्या कॅमकॉर्डरमध्ये मांडवाचा खांबही स्पष्ट दिसतो," मी ऐकवलं.

जितूने शांतपणे कॅमेरा माझ्या हातात दिला. "दादा, आत्यावर धरा."

धरला. सुरकुत्यांसकट आत्या पडद्यावर हिरोईन दिसत होती. कॅमेरा परत देणं माझ्या जिवावर आलं.

तर सांगा, कॅमेरा कोणता घेऊ? जितूचा सुचवू नका. त्याच्याहून भारी हवा.