रोडग्यांचा धूर

आई अमरावतीत नागपूर रोडवरच्या एका चौकात फुलं विकते. सिग्नल लागला की ट्रक आणि एसट्या तिच्या टोपल्यांपाशीच थांबतात आणि निघताना काळा धूर सोडून जातात. तिचा खोकला हटत नाही. मी अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे दर भेटीत माझं भाषण ठरलेलं: मंडईच्या आत बस. तिचं उत्तरही ठरलेलं. "आत कोन येते वं? गिऱ्हाईक चौकात हाय."

माझी एक मैत्रीण प्रयोगशाळेत माणसाच्या अंगात किती धूर गेला ते लघवीतून मोजते. धुरातली काही रसायनं शरीर थोड्या दिवसांत बाहेर टाकतं, त्यांची खूण तिथे सापडते. मला हे भारी वाटलं. हवेची यंत्रं चौकाचं सांगतात, ही बाटली आईचं सांगणार होती. पुरावा दिसला की ऐकेल, असं मी धरून चालले. "आता माह्या लघवीत काय पायतं?" म्हणत तिनं सकाळची बाटली भरून दिली. तुलनेला मी माझीही दिली.

माझाच आकडा तिच्याहून वर आला. खिडक्या लावून पुस्तकं वाचणाऱ्या बाईचा. मी चक्रावले, घरातल्या उदबत्तीपासून गॅसपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी मैत्रिणीनं विचारलं, आदल्या दिवशी काय जेवलीस?

रोडगे. मोझरीकडे मामाच्या शेतात पार्टी होती, कणकेचे गोळे विस्तवात भाजून खायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा जगरा फुंकायचं काम मी कुणाला देत नाही, आणि करपलेला पापुद्रा मागून खाते. आई तेव्हा चौकात होती. रोडग्याच्या धुराला वऱ्हाडात कुणी धूर म्हणत नाही, त्यानं भूक लागते. मलाही तो आठवला नव्हता.

काही दिवसांनी, रोडगे न खाता, आम्ही पुन्हा बाटल्या दिल्या. माझा आकडा पार खाली आला. आईचा होता तिथेच राहिला.

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिच्याशेजारी पोत्यावर बसून सांगताना मला रडू येत होतं. तिनं खोकत खोकत सगळं ऐकलं. मग एक शेवंती उचलून बोटांत चोळली आणि बोटं पाहिली.

"फुलाईवरबी बसत असन ना हे?"

"बसतंच."

"लोकं देवाले वाह्यतात हे."

पुढच्या आठवड्यात ती मंडईत आत बसायला गेली. इतकी वर्षं मी तिच्या फुप्फुसांसाठी घसा कोरडा केला आणि ती हलली देवांसाठी. मला रागच आला.

काल तिचा फोन आला. गिऱ्हाईक कमी आहे, खोकला अजून आहे. ठेवता ठेवता म्हणाली, "येतानी ते बाटली आनजो. पाहू तं, माह्या अंगातला धूर उतरला का."