कोंबड्यांचं औषध आणि श्रावणातली अंडी

मलकपेठला आमच्या घरामागे जेवढी जागा आहे, तेवढ्यात माझ्या माहेरी पुण्याला लोक खोल्या काढून भाड्याने देतील. इथे तिथे सासूबाईंच्या गावरान कोंबड्या राहतात. लग्न होऊन आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता एखादी गुमसुम बसली की माझाच जीव खालीवर होतो.

गेल्या आषाढात सगळ्याच मरगळल्या. तुरे फिकट पडले, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. मग एका सकाळी विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले. तेव्हापासून आमच्याकडे शेवयांची खीर झालेली नाही.

औषधावरून घरात लगेच पक्ष पडले. सासऱ्यांचा भरवसा लाल भोपळ्याच्या बियांवर आणि लसणावर. नवऱ्याने अफझलगंजच्या बाजारातून शेळ्यांच्या जंतांची बाटली आणली आणि म्हणाला, ‘‘अंदाजाने पाजू.’’ औषधाच्या बाबतीत मला अंदाज या शब्दाचाच राग येतो. दोघांनाही गप्प करून मी डबीत विष्ठा घेतली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. सासूबाईही आल्या, कोंबड्या त्यांच्या ना.

डॉक्टरांनी विष्ठा तपासली आणि गोल जंत असल्याचं सांगितलं. प्रत्येक औषध प्रत्येक जंताला लागू पडत नाही. शेळीचं औषध अंदाजाने दिलं तर कमी पडून जंत तगतात, नाहीतर जास्त होऊन कोंबडी जाते. बियांनी नुकसान नाही, पण एवढे जंतही जायचे नाहीत. म्हणून त्यांनी कोंबड्यांसाठीच असलेलं, पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं. वजन करून मात्रा ठरवायची. आणि औषध चालू असताना, शिवाय नंतर लेबलावर लिहिलेत तितके दिवस, अंडी कुणीही खायची नाहीत.

‘‘मग श्रावणात देऊ की,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘आपल्यात कोण खातंय तेव्हा?’’

या हुशारीचं घरभर कौतुक झालं. मग कोंबड्या पिशवीत घालून ताणकाट्याला लटकवल्या. कोंबड्याने नवऱ्याचा हात ओरबाडला, आणि मला त्याचा फारसा खेद झाला नाही. श्रावण लागायच्या आदल्या रात्री पाण्याची भांडी काढून ठेवली. सकाळी तहानलेल्या कोंबड्या औषधाचं पाणी गटागटा प्यायल्या. मी दिवसभर डॉक्टरीणबाईंच्या तोऱ्यात वावरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मागच्या दाराने अंड्यांचं रिकामं पातेलं घेऊन आत आल्या.

‘‘अंडी कुठायत?’’ मी विचारलं.

‘‘खालाकडं दिली की. दर श्रावणात तिकडंच जातात.’’

खाला म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. अंगात ताकद यावी म्हणून तिला रोज अंडी चालली होती. कोण खातंय म्हणताना आम्ही आमच्याच घरातली माणसं धरली होती. भिंतीपलीकडचं घर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी अनवाणीच धावले. खालांच्या स्वयंपाकघरात तवा तापला होता, वाडग्यात कांदा-मिरची घालून अंडी फेटलेली होती आणि लेक ताटली घेऊन बसली होती.

‘‘खाला, नक्को! अंडे नक्को दो उसकू!’’

‘‘क्या हुआ जी? सांप निकला क्या?’’

मी धापा टाकत सगळं सांगितलं. खालांनी एकदा वाडग्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘मुर्गियां तुमारी बीमार, और दवा मेरी बच्ची कू कैकू खिलारे जी?’’

लेक पोट धरून हसली. मीही हसले, पण वाडगा आधी ताब्यात घेतला. फार घाबरले होते मी.

सासूबाईंना मात्र हसू आलं नाही. ‘‘पोरीच्या पोटात गेलं असतं,’’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. ती अंडी त्यांनी स्वतः खड्डा करून पुरली.

सोमवारी त्यांचा कडक उपवास. श्रावणात शिजलेल्या अंड्याचा वासही त्यांना सोसत नाही. तरी महादेवाच्या देवळातून येताना त्या दुकानात थांबल्या आणि अंड्यांचा ट्रे घेतला. एका हातात पूजेचं तबक, दुसऱ्यावर तो ट्रे. गल्लीतल्या एका बाईंनी हटकलंच, ‘‘अहो, आज सोमवार ना?’’

‘‘सोमवार माझाय. पोरीचा नाही,’’ असं म्हणून त्या थेट खालांच्या पुढच्या दाराने आत गेल्या. मी मागोमाग होतेच.

अंडी तव्यावर पडली तशी खालांनी सासूबाईंना वास जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटायला घेतलं. ‘‘ऱ्हाऊ दे,’’ सासूबाई म्हणाल्या आणि आत येऊन पाटावर पोरीसमोर बसल्या. तिचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.